मुंबईत लग्नाचं जेवण : ३०० पानं, हात राखून

गोरेगावकर_पूर्व
लग्न फेब्रुवारीतल्या रविवारी, हॉल दादरला, मुहूर्त १२ वाजून ७ मिनिटांचा. दोन्हीकडची मिळून ४२० माणसांना आमंत्रण. केटररने ६५० रुपये पान सांगितलंय, ३५० पानांची गॅरंटी मागतोय, ५ टक्के जीएसटी वेगळा. जेवणासाठी हातात २ लाख आहेत, त्यापलीकडे जायचं नाही. हॉलचाच केटरर घ्या अशी सक्ती नाही, पण बाहेरचा आणला तर रॉयल्टी भरावी लागते. शनिवारी रात्री हळद बिल्डिंगच्या आवारात, १२० माणसं. दर किती खाली येऊ शकेल? मेनूतलं काय काढावं? आचारी लावून घरचा शिधा दिला तर परवडेल का?

पानमोजणी
दराच्या मागे लागू नका, गॅरंटीच्या मागे लागा. तुमचेच आकडे घ्या. ३५० गुणिले ६५० म्हणजे २,२७,५००, त्यावर जीएसटी ११,३७५, एकूण २,३८,८७५. दोन तास घासाघीस करून दर २५ रुपयांनी उतरवलात तरी एकूण २,२९,६८७ होतात, म्हणजे बजेटबाहेरच. शिवाय ते २५ रुपये केटरर पनीर आणि तुपातून वसूल करणार. आता दर ६५०च ठेवा आणि गॅरंटी २९० करा : १,८८,५०० अधिक ९,४२५, म्हणजे १,९७,९२५. दर रुपयानेही न उतरवता बजेटात बसलं.

गॅरंटी म्हणजे माणसं आली नाहीत तरी ज्यांचे पैसे द्यायचेच ती पानं. म्हणून ती अपेक्षित आकड्यापेक्षा १० टक्के खालीच लिहायची आणि पुढची ३० पानं त्याच दराने मिळतील असं कोटेशनावर लिहून घ्यायचं. केटरर गॅरंटीवर थोडं जास्त रांधतातच. तरीही ‘त्याच दराने’ हे शब्द कागदावर हवेत, नाहीतर वरच्या पानांना वेगळा दर लागतो.

गोरेगावकर_पूर्व
पण ४२० आमंत्रणं असताना २९० सांगायचे कशाच्या जोरावर?

पानमोजणी
यादीचे चार गट पाडा. पहिला घरचे आणि सख्खे, हे शंभर टक्के येणार. दुसरा मुंबईबाहेरचे. ‘येतो’ म्हणणाऱ्यांना धरू नका, ज्यांची तिकिटं काढून झालीत त्यांना धरा. तिसरा शेजारी आणि सोसायटी. आमंत्रण सहकुटुंब असलं तरी सकाळच्या लग्नाला घरटी एक-दोन माणसंच निघतात. चौथा ऑफिस आणि मित्रमंडळी, त्यातले निम्मे धरा. रविवार आहे, म्हणजे लोकलचा मेगाब्लॉक असणार. मध्य आणि हार्बरवरून येणारे एकतर १ वाजता थेट जेवायला पोचतात, नाहीतर येतच नाहीत. ब्लॉकचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधीच जाहीर होतं, तोवर केटररला आकडा सांगून झालेला असतो, म्हणून ब्लॉक धरूनच आकडा ठरवा.

तेवढ्यात कॅलेंडरही बघा. रविवारी संकष्टी आली तर उपास करणारे दुपारी जेवत नाहीत, ते मठ्ठा घेऊन उठतात. एकादशीलाही तेच.

शेगडी
वरच्या हिशेबात एक भर. पाच वर्षांखालची मुलं, बँडवाले, फोटोग्राफरची चार-पाच माणसं, डेकोरेशनचे कामगार, ड्रायव्हर : ही मंडळी २० पर्यंत सहज जातात. त्यांच्यासाठी ‘स्टाफ ताट’ वेगळ्या दराने ठरवा, पुरीभाजी, मसालेभात आणि एक गोड. ठरवलं नाही तर ती सगळी ६५० च्या पानांत मोजली जातात.

पॅकेजात सकाळचा नाश्ता असेल तर तो किती माणसांचा धरलाय ते विचारा. सकाळी ९ ला हॉलवर ६०-७० माणसं असतात, बिल मात्र पूर्ण गॅरंटीवर लागतं. नाश्ता आणि चहा बाहेर काढून त्या संख्येवर वेगळा लावा. १०० जणांच्या कांदेपोह्यांना ६ ते ७ किलो पोहे लागतात.

कागदपत्र_आधी
करांबद्दल गोंधळ होऊ नये म्हणून. बाहेरच्या केटरिंगवर ५ टक्के. नुसत्या हॉलच्या भाड्यावर १८ टक्के. ज्या हॉटेलच्या खोल्यांचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे तिथे समारंभ केला तर जेवणावरही १८ टक्के. हॉलवाला आणि केटरर एकच असेल तर बिल कसं फोडणार ते आधी विचारा.

केटररकडे अन्नसुरक्षा परवाना हवा, त्याचा नंबर १४ आकडी असतो. तो कोटेशनावर छापलेला नसेल तर मागून घ्या. ‘बिल नको असेल तर ५ टक्के सोडतो’ असं म्हणणारे भेटतील. पण पानांच्या मोजणीवरून वाद झाला की मग हातात कागदच नसतो.

दुधी_हलवा
मेनूतलं काय काढावं, तर सगळ्यात आधी सूप. दुपारी पाऊण वाजता दादरच्या हॉलमध्ये कोणालाही टोमॅटो सूप नको असतं. त्यानंतर स्टार्टर. सकाळच्या मुहूर्ताला लोक अक्षता टाकून थेट जेवायलाच वळतात, स्टार्टर फिरवायला मधला वेळच नसतो. ते संध्याकाळच्या रिसेप्शनला ठीक. मग दुसरी पनीरची भाजी. जेवणात एकच पनीर ठेवा आणि कोटेशनात ‘दुधाचं पनीर’ असं लिहून घ्या, कारण तेल घालून केलेलं नकली पनीर स्वस्त पडतं आणि ग्रेव्हीत ओळखू येत नाही.

मॉकटेलऐवजी कोकम सरबत. साधारण २०० ग्लास जातील, प्रत्येकी दीडशे मिली, म्हणजे ३० लिटर. एकास चार प्रमाणाने ६ लिटर सिरप.

लाइव्ह_काउंटर
स्टार्टर काढा, पण एखादा लाइव्ह काउंटर तरी ठेवा. लोकांना तेवढंच लक्षात राहतं.

शेगडी
लोकांच्या लक्षात रांगही राहते. डोशाच्या मोठ्या तव्यावर एका वेळी चार डोसे, प्रत्येक घाणा तीन मिनिटांचा, म्हणजे न थांबता तासाला ८० डोसे. २९० माणसं आणि जेवणाचे दोन तास. निम्म्यांनाच डोसा मिळतो आणि बाकीचे प्लेट धरून उभे. लाइव्ह ठेवायचंच तर जिलबी ठेवा. एका घाण्यात पंधरा-वीस निघतात, रांग पुढे सरकत राहते, आणि गरम जिलबी-मठ्ठ्यापुढे आणखी दोन गोड पदार्थ मांडायची गरज उरत नाही.

निगुतीनं
आता आचारी लावण्याबद्दल. हळदीसाठी, १२० माणसांना, नक्की परवडेल. दादरच्या हॉलवर २९० जणांना करायचं असेल तर आधी पुढचं सगळं जोडा : आचाऱ्याची मजुरी, मदतनीस, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, भांड्यांचं भाडं, १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर (घरगुती १४.२ किलोचा अशा कामाला चालत नाही), पाण्याचे जार, टेम्पो, आणि हॉलची रॉयल्टी. शिवाय घरातलं एक जाणतं माणूस दिवसभर स्वयंपाकघरात अडकतं. लग्नघरात असं रिकामं माणूस नसतं.

तरीही आचारी लावलात तर त्याची यादी तशीच दुकानदाराला देऊ नका. आधी तेल, तूप, काजू आणि खोबरं तपासा, यादी फुगते ती याच चार ठिकाणी. तेलाच्या डब्यांची तुलना करताना वजन बघा. १५ लिटरच्या डब्यात साधारण १३.७ किलो तेल असतं, १५ किलोच्या डब्यात पुरतं १५ किलो. दोन्ही डबे दिसायला सारखेच.

आचारी_यादी
१०० पानांसाठी कच्चा माल लिहितो. मेनू : पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, वरणभात, कोशिंबीर, चटणी, जिलबी, श्रीखंड, मठ्ठा. केटररने कमी रांधलंय की नाही हे तपासायलाही उपयोगी पडेल.

पुऱ्या माणशी ५, म्हणजे ५००. एक किलो कणकेच्या ३० ग्रॅमच्या साधारण ५० होतात, म्हणून कणीक १० किलो, त्यात अर्धा किलो बारीक रवा. पुऱ्या दोन-अडीच किलो तेल पितात, कढईत भरायचं तेल त्याशिवाय. बटाटे १० किलो. मसालेभाताला ४ किलो तांदूळ आणि अडीच किलो तोंडली. साध्या भाताला साडेतीन किलो तांदूळ, वरणाला २ किलो तूरडाळ, वाढायला ६०० ग्रॅम तूप. काकडी ४ किलो, दही दीड किलो. चटणीला ७-८ नारळ. लिंबं २५, चार फोडी करून. मठ्ठा माणशी दीडशे मिली, म्हणजे १५ लिटर : ६ किलो दही आणि ९ लिटर पाणी. मे महिना असेल तर २० लिटर करा. श्रीखंड एकटंच असेल तर १० ते १२ किलो. सोबत जिलबी असेल तर श्रीखंड ७ किलो आणि जिलबी साडेसहा किलो पुरते.

हे ३०० ला थेट तिप्पट करू नका. पुरी आणि गोड तिप्पट लागतं, भाजी आणि भात पावणेतीन पटीत भागतात, कारण तळाशी-कडेला राहणारं अन्न त्या प्रमाणात वाढत नाही. तिखट आणि गरम मसाला अडीच पटच घ्या, मग चव बघून वाढवा.

दुधी_हलवा
मसालेभात मोठ्या प्रमाणात हमखास बिघडतो. त्याचं काय?

आचारी_यादी
१२ किलो तांदूळ एकाच टोपात टाकतात म्हणून बिघडतो. खालचा थर वरच्या वजनाने गिचका होतो आणि वरचा कचकचीत राहतो. ४ ते ५ किलोचा एक टोप करा, वीस मिनिटांच्या अंतराने चढवा. घरी तांदळाच्या दुप्पट पाणी घालतो, मोठ्या टोपात वाफ कमी उडते, तिथे पावणेदोनपट पुरे आणि तेही उकळतं. तोंडली आधी तेलावर परतून घ्यायची, नाहीतर ती पाणी सोडतात. शितं मोडू लागली की ढवळायचं थांबवून झाकण ठेवायचं आणि आच बारीक करायची.

पुऱ्या चिवट होतात त्या तळून लगेच बंद पातेल्यात रचल्यामुळे. आतली वाफ बाहेर पडायला जागा मिळत नाही. वेताच्या टोपलीत कागद घालून उघड्या ठेवायच्या. सगळ्या ५०० सकाळी तळून मोकळं व्हायचं नाही, जेवणाची गर्दी चालू असताना घाणे काढत राहायचं. यासाठी फक्त पुऱ्या तळायला एक माणूस आणि एक शेगडी बांधून ठेवा, केटररकडूनही तसंच कबूल करून घ्या.

वाढपी_१२
पंगत की बुफे हा प्रश्न कुणी काढला नाही अजून. पंगतीत अन्न कमी टाकलं जातं, कारण वाढणाऱ्याच्या हातात प्रमाण असतं. पण १५ पानांमागे एक वाढपी लागतो, म्हणजे १०० च्या पंगतीला ७ माणसं, शिवाय पाणी आणि मठ्ठ्याला दोन वेगळी. एक पंगत बसून, उठून, टेबलं पुसून होईपर्यंत ४५ मिनिटं. २९० माणसांच्या तीन पंगती म्हणजे सव्वादोन तास. १२.०७ चा मुहूर्त, अक्षता पडून पहिली पंगत बसेपर्यंत साडेबारा, शेवटची उठेपर्यंत पावणेतीन. हॉल ३ ला रिकामा करायचा असेल तर श्वास घ्यायला जागा नाही.

मधला मार्ग : ज्येष्ठांची आणि विहिणींची ७० पानांची एकच पंगत, बाकी बुफे. बुफेत १०० माणसांमागे एक दुतर्फा टेबल, म्हणजे तुम्हाला दोन पुरतील. ताटांचा गठ्ठा टेबलाच्या ज्या टोकाला, त्याच्या विरुद्ध टोकाला गोड ठेवा. पुरीवर उभा राहून वाढणारा माणूस हवा. ‘दोन घ्या, परत या, गरम देतो’ एवढं म्हणणारा एक माणूस असला तरी पुऱ्यांची नासाडी थांबते. वरणाला आणि भाजीला मोठं वगराळं नको, लहान पळी द्या.

पानमोजणी
बुफेत पानं मोजायची पद्धत आधीच ठरवा. सुरुवातीला ताटं मोजून गठ्ठे लावायचे, त्या आकड्यावर दोघांची सही, शेवटी न वापरलेली ताटं वजा. घोळ होतो तो धुतलेली ताटं मध्येच परत गठ्ठ्यात आल्यावर, आणि कोणी आइस्क्रीमसाठी नवं ताट उचललं की. म्हणून ३२० ताटं एकदम बाहेर काढून ठेवायला सांगा, धुतलेलं परत आणायचं नाही, आणि गोडाला वाट्या वेगळ्या. मोजायला नवरीचा मामा किंवा बाप नको, ते स्टेजवर अडकतात. एखादा मामेभाऊ बसवा. आणि त्याला आधी जेवायला घाला.

गोरेगावकर_पूर्व
हे सगळं छापून भिंतीवर लावतो. हळदीला मटण-वडे करायचा विचार आहे, १२० माणसांना किती आणायचं?

मालवणी_मसाला
थांबा, तुमची हळद शनिवारी आहे ना? शनिवार न खाणारे प्रत्येक घरात एक-दोन निघतात. सोमवार, गुरुवारचंही तसंच, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर विचारूच नका. १२० माणसांच्या मटणाची ऑर्डर द्यायच्या आधी घरोघरी विचारा. ७५ खाणारे निघाले असं धरून सांगतो.

माणशी हाडासकट १८० ग्रॅम, म्हणजे साडेतेरा, १४ किलो घ्या. खाटकाला किलोला १६ ते १८ तुकडे सांगा, माणशी तीन तुकडे येतात. तुकडे मोठे केले की मटण पुरत नाही, बारीक केले की हाडं जास्त लागल्याची तक्रार येते. वजन साफ करून कापलेल्या मालाचं, हे दरासोबत ठरवा.

वडे माणशी ४, १२० जणांचे ४८०. किलोभर पिठाचे ३० च्या आसपास होतात, म्हणजे १६ किलो पीठ. न खाणाऱ्यांना काळ्या वाटाण्याची आमटी. ती खाणारेही मागून घेतात, म्हणून साडेतीन किलो वाटाणे, आदल्या रात्री भिजत घालायचे. आमटीचा टोप, पळी आणि वाढणारा वेगळाच ठेवा, मटणाची पळी तिकडे गेली की शनिवारवाली सगळी मंडळी उपाशी उठतील.

सिलिंडर आणि शेगड्या मांडवाच्या कापडाखाली नकोत, उघड्यावर मांडा. सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

कागदपत्र_आधी
प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, थर्माकोल महाराष्ट्रात २०१८ पासूनच. हळदीला सुपारीच्या पानाच्या प्लेटा किंवा पत्रावळी घ्या. पण मटणाच्या रश्श्याला सपाट पत्रावळ चालत नाही, सोबत द्रोण हवेत, ते प्लेटांच्या दीडपट घ्या. केळीची पानं दादरला पहाटे मिळतात, पण पानं आडवी मांडायला टेबलाची रुंदीही तेवढी हवी, ती आधी मोजा.

शेगडी
पाण्याच्या दोनशे मिलीच्या बाटल्या हे सगळ्यात मोठं गळतं भोक. लोक दोन घोट पिऊन बाटली ठेवतात आणि नवी उघडतात. २० लिटरचे जार आणि स्टीलचे ग्लास. माणशी पाऊण लिटर धरलं तर २९० जणांना २१८ लिटर, म्हणजे ११ जार, वर दोन राखीव. बाटल्या फक्त स्टेजवर.

बर्फाकडेही बघा. खाण्याचा बर्फ पांढरा, नुसता थंड करायला वापरतात तो निळसर असायला हवा असा नियम आहे. मठ्ठ्यात बर्फ टाकूच नका, पातेलं बर्फाच्या टबात उभं करा. चव पातळ होत नाही आणि बर्फ कुठला होता ही चिंताही नाही.

दुधी_हलवा
फेब्रुवारी असला तरी मुंबईची दमट हवा आहेच. ओलं खोबरं आणि कोथिंबीर पडलेले पदार्थ आधी आंबतात. चटणी सकाळी १० नंतर वाटा. बटाटे उकडून गरमच ढीग करून झाकले की आतून चिकट होतात आणि वास मारतो, परातीत पसरून गार करा. कोशिंबिरीत मीठ आणि दही वाढायच्या पंधरा मिनिटं आधी. शिजवलेला भात कोमट होऊन तीन-चार तास पडू देऊ नका, पोट बिघडवण्यात तो मटणाच्या मागे नाही.

गोरेगावकर_पूर्व
उरलेलं अन्न? आणि शेवटचा आकडा केटररला कधी सांगायचा?

पानमोजणी
उरलं तर रोटी बँक, रॉबिन हूड आर्मीसारखे गट आहेत. त्यांच्याशी आदल्या आठवड्यातच बोला, अडीच वाजता फोन करून कोणी धावत येत नाही. पंगतीतलं, उष्टावलेलं द्यायचं नाही, फक्त स्वयंपाकघरात टोपातच राहिलेलं. घरी न्यायचं असेल तर झाकणाचे डबे घरूनच न्या आणि ‘उरलेलं यजमानांचं’ हे कोटेशनात लिहा, नाहीतर शेवटचा टोप केटररच्या टेम्पोत चढतो.

आकडा गुरुवारी संध्याकाळी, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून, आणि समोरून ‘ओके’ येईपर्यंत पाठलाग करा. वाशी किंवा भायखळ्याची भाजीखरेदी त्यानंतर होते, म्हणून गुरुवारपर्यंत त्याला आकडा खाली घ्यायला जड जात नाही. शनिवारी सांगितलात तर तो म्हणेल माल आला, आणि ते खरंही असेल. पैसे ५० टक्के अ‍ॅडव्हान्स, ३० टक्के गुरुवारी आकड्यासोबत, उरलेले २० टक्के ताटं मोजून झाल्यावर.